जुन्या लॅपटॉपचं कार्ड डेस्कटॉपला जोडलंय, वायफाय चालतं पण ब्लूटूथ धड येत नाही

जुनं_ते_सोनं (प्रश्न)

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल पण सगळं नीट सांगतो म्हणजे उलट प्रश्न विचारायची वेळ यायला नको.

माझा बरीच वर्षं वापरलेला लॅपटॉप गेला. मदरबोर्डच गेलाय आणि स्क्रीनची बिजागरी आधीपासून तुटलेली, म्हणून दुरुस्तीच्या नादी लागलो नाही. उघडून बघितला तर आतलं वायरलेस कार्ड एकदम ठणठणीत, इंटेल ७२६०, तो अर्ध्या लांबीचा मिनी पीसीआयई प्रकार, एसी वायफाय आणि ब्लूटूथ ४.० दोन्ही एकाच कार्डावर. मी स्वतः जुळवलेल्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डला ना वायफाय ना ब्लूटूथ, मग ठरवलं की हेच बसवायचं. चालती वस्तू कचऱ्यात टाकायला माझा हात होत नाही.

मिनी पीसीआयई कार्ड मदरबोर्डवरच्या छोट्या पीसीआयई एक्स१ स्लॉटमध्ये बसवायचा अडॅप्टर आणला, कार्ड लावलं, वायफाय पहिल्या फटक्यात सुरू. ब्लूटूथचा मात्र पत्ताच नाही, डिव्हाइस मॅनेजरमध्ये नावसुद्धा दिसेना. शोधाशोध केल्यावर कळलं की ह्या कार्डातलं ब्लूटूथ पीसीआयईवर नसतंच, ते यूएसबीवर बोलतं, आणि माझ्या अडॅप्टरवर यूएसबीचं कनेक्टर बसवलेलंच नाहीये, नुसती चार भोकं सोडलीयेत आणि बाजूला छापलंय व्हीसीसी, डी मायनस, डी प्लस, जीएनडी, म्हणजे वीज, डेटाच्या दोन लाइनी आणि ग्राउंड.

मग बंद पडलेल्या माउसची केबल कापली आणि चारही वायरी त्या चार भोकांत सोल्डर केल्या, लाल व्हीसीसीला, पांढरी डी मायनसला, हिरवी डी प्लसला, काळी जीएनडीला. दुसऱ्या टोकाला जंपरच्या पिना लावून मदरबोर्डवरच्या नऊ पिनांच्या यूएसबी हेडरवर, म्हणजे उभ्या पिनांच्या जोडणीवर, बसवल्या. आता पीसी चालू केला की विंडोज म्हणतं अननोन यूएसबी डिव्हाइस, डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड, कोड ४३, म्हणजे डिव्हाइसकडून त्याची ओळखच मिळाली नाही. ड्रायव्हर तीनदा काढून टाकून झाला. सोल्डरिंग मला बऱ्यापैकी जमतं, सांधे भिंगाखाली बघितलेत, कुठे शॉर्ट नाही. हेडरची माझी मोजणी अशी आहे, पिन १ पाच व्होल्ट, ३ डी मायनस, ५ डी प्लस, ७ ग्राउंड.

अँटेने लॅपटॉपच्या झाकणातलेच काढून घेतलेत, ते तांब्याच्या पट्टीवाले, आणि कॅबिनेटच्या पुढच्या प्लॅस्टिकच्या मागे चिकटवलेत. माझं नेमकं कुठे चुकतंय?

तारयंत्र

भावा, आधी पीसी बंद कर, पॉवर सप्लायच्या मागचा खटका बंद कर, आणि ती लाल वायर हेडरवरून काढ. बाकी सगळं नंतर.

कारण सांगतो. तुझं कार्ड ३.३ व्होल्टवर चालतं आणि मिनी पीसीआयईच्या नियमात ह्या ३.३ ला वरखाली ९ टक्केच सूट आहे, म्हणजे जास्तीत जास्त ३.६ च्या आसपास. हेडरची पिन १ देते ५ व्होल्ट. कार्डाला लागणारा ३.३ व्होल्टचा पुरवठा पीसीआयई स्लॉटमधूनच येतोय, तिथे ३ अँपिअरपर्यंत मिळतात, एवढ्याशा कार्डाला ते रग्गड झालं. त्यामुळे ब्लूटूथसाठी हेडरवरून तीनच वायरी लागतात, डी मायनस, डी प्लस आणि ग्राउंड. ५ व्होल्टचं इथे काहीच काम नाही.

तुझं वायफाय अजून चालतंय म्हणजे अडॅप्टर बनवणाऱ्यानी ते व्हीसीसीचं भोक बहुतेक कशालाच जोडलेलं नाही. जोडलेलं असतं तर ५ व्होल्ट सरळ ३.३ च्या लाइनवर गेले असते आणि कार्ड काय, स्लॉटचंही नुकसान झालं असतं. पण बहुतेकवर राहू नकोस, मल्टीमीटर बीपवर लाव, कार्ड काढ, आणि व्हीसीसीच्या भोकापासून सॉकेटच्या पिन २ आणि पिन ५२ ला बीप येतो का बघ.

आणि पॉवर सप्लायचा मागचा खटका मुद्दाम सांगितला, नुसतं शटडाउन करून भागत नाही. बऱ्याच मदरबोर्डवर यूएसबी हेडरला स्टँडबायचे ५ व्होल्ट पीसी बंद असतानासुद्धा मिळत असतात. मी एकदा बंद पीसीत वायर बदलताना पिना एकमेकींना टेकवल्या आणि ते दोन यूएसबी पोर्ट कायमचे गमावून बसलो, म्हणून जीव तोडून सांगतोय.

हेडरची तुझी मोजणी बरोबर आहे. वरच्या रांगेत १, ३, ५, ७ आणि खाली २, ४, ६, ८, १०. जिथे पिनच नाही ती जागा ९ ची. फक्त मोकळी जागा कुठल्या टोकाला आहे ते बघून पिन १ ठरवलीस ना? ती मोकळी जागा पिन १ च्या विरुद्ध टोकाला येते.

साधं_सोपं

एवढा खटाटोप करण्यापेक्षा नखाएवढा यूएसबी डोंगल मागे लावला की ब्लूटूथ झालं की. फक्त हेडफोनसाठी हवं असेल तर मी तरी तेच करीन, कार्ड वायफायला तर वापरातच आहे.

जुनं_ते_सोनं

साधं_सोपं, तुमचं म्हणणं पटतं, घाई असती तर मीही तेच केलं असतं. पण हे कार्ड वर्षानुवर्षं माझ्या हाताखाली एकदाही न कुरकुरता चाललंय, त्यातलं अर्धं अंग चालतंय आणि अर्धं मुकं बसलंय हे बघवत नाही. आणि आत यूएसबी नेमकं कसं बोलतं हे शिकायची संधी मला दुसरी कधी मिळणार.

तारयंत्र दादा, लाल वायर काढली. व्हीसीसीच्या भोकाचा बीप २ लाही नाही आणि ५२ लाही नाही, म्हणजे तुम्ही म्हणालात तसं ते आंधळं भोक आहे, वाचलो. अडॅप्टरच्या बाजूनीही ती वायर डिसोल्डर करून टाकली. मोकळी जागा पिन १ च्या विरुद्ध टोकालाच आहे, ते मी आधी बघितलं होतं.

एरर मात्र जशीच्या तशी, कोड ४३.

टर्मिनलवाली

ह्यात एक चांगली बातमी लपलीये बरं का. तुमच्या डेटाच्या वायरी तुटलेल्या असत्या तर विंडोजला काहीच दिसलं नसतं, अननोन डिव्हाइससुद्धा नाही. पलीकडे काहीतरी आहे एवढं पोर्टला कळतंय, बोलणं तेवढं जमत नाहीये.

एक करा, पेनड्राइव्हवरून कुठलंही लिनक्स लाइव्ह चालवा, काही इन्स्टॉल करायची गरज नाही, टर्मिनलमध्ये डीमेसेज (सिस्टिमच्या नोंदी दाखवणारी) कमांड सुडो म्हणजे अ‍ॅडमिनचे अधिकार लावून द्या आणि यूएसबीच्या ओळी वाचा. विंडोज नुसतं फेल्ड म्हणून मोकळं होतं, लिनक्स कुठल्या पायरीवर अडलं ते सांगतं. मला त्यातला एकच शब्द हवाय, डिव्हाइस सापडलं त्या ओळीत फुल-स्पीड लिहिलंय की लो-स्पीड.

का ते सांगते. यूएसबीच्या प्रत्येक पोर्टवर दोन्ही डेटा लाइनींना १५ किलोओहमचे रेझिस्टर खाली ग्राउंडला ओढून धरतात, म्हणून काही जोडलेलं नसेल तेव्हा दोन्ही शून्यावर बसून असतात. डिव्हाइस जोडलं की ते स्वतःचा १.५ किलोओहमचा रेझिस्टर लावून दोनपैकी एक लाइन ३.३ व्होल्टकडे वर ओढतं, हीच त्याची हाक. डी प्लस वर ओढली तर पोर्ट समजतं की फुल-स्पीडवालं आलंय, १२ मेगाबिटचं. डी मायनस वर ओढली तर समजतं लो-स्पीड, १.५ मेगाबिट, जे माउस-कीबोर्ड वापरतात. तुमच्या कार्डातलं ब्लूटूथ फुल-स्पीडचं आहे. तेव्हा तिथे लो-स्पीड लिहून आलं तर ह्याचा अर्थ एकच, दोन्ही वायरी उलट्यापालट्या झाल्यात.

जुनं_ते_सोनं

ताई!!! लो-स्पीडच आलंय. अक्षरशः असं, न्यू लो-स्पीड यूएसबी डिव्हाइस, आणि त्याच्याखाली डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड, एरर -७१, हेच चार वेळा, मग अनेबल टू एन्युमरेट, म्हणजे ओळख पटवता आली नाही.

पण मला कळेना झालंय की उलटं होईल कसं. अडॅप्टरवर जिथे डी मायनस छापलंय तिथे पांढरी, आणि हेडरवर पिन ३ ला पांढरीच. हिरवीचंही तसंच. दोन्ही टोकांना एकच रंग, आणि केबलही अखंड.

तारयंत्र

ताईंनी अगदी बरोबर पकडलं. केबल अखंड आहे म्हणजे रंगाचा संशय गेला, माउसच्या केबलीत पांढऱ्याला काही का म्हणेनात, दोन्ही टोकांना तीच वायर आहे तर फरक पडत नाही. हेडरची मोजणी बरोबर निघालीये. मग राहिलं काय, अडॅप्टरवरची छपाई. तिथे छापलंय तेच खरं असं आपण धरून चाललोय, त्यालाच तपासायला हवं.

मिनी पीसीआयईमध्ये यूएसबीच्या पिना ठरलेल्या आहेत, ३६ म्हणजे डी मायनस आणि ३८ म्हणजे डी प्लस. सॉकेटमध्ये विषम आकड्यांच्या पिना एका रांगेत आणि सम आकड्यांच्या दुसऱ्या रांगेत असतात, पिन-पिनमधलं अंतर ०.८ मिलिमीटर आहे त्यामुळे मीटरची जाड प्रोब नको, तिला शिवणाची सुई बांध. सम रांगेचं शेवटचं टोक ५२, तिथून उलटं मोजत ये, ५२, ५०, ४८ असं करत ३८ ही आठवी येते आणि ३६ नववी. मोजणी चुकायची भीती वाटली तर पडताळाही आहे, ह्या जोडीच्या दोन्ही अंगांना म्हणजे ३४ ला आणि ४० ला ग्राउंड असतं. जीएनडीच्या भोकापासून त्या दोन्हींना बीप आला आणि मधे दोन पिना बिनबीपच्या राहिल्या की त्याच तुझ्या ३६ आणि ३८.

मग छापलेल्या डी मायनसच्या भोकाला एक प्रोब आणि सुई ३६ वर.

नवीन_भिडू

मधेच घुसतोय, माफ करा. माझ्याकडे पण तुटलेल्या लॅपटॉपचं कार्ड आहे पण ते एम.२ वालं (नव्या, छोट्या स्लॉटचं) आहे, लेबलवर इंटेल एएक्स२०१ लिहिलंय. असाच अडॅप्टर आणि अशाच तीन वायरी लावल्या तर चालेल का?

तारयंत्र

नवीन_भिडू, अडॅप्टर आणू नकोस, ते चालणार नाही. एएक्स२०१, तसंच ९५६० आणि एएक्स२११, ही सीएनव्हीआय प्रकारची कार्डं आहेत. त्यांच्यात वायफायचा अर्धाच भाग असतो, उरलेला अर्धा इंटेलच्या प्रोसेसरमध्ये किंवा चिपसेटमध्ये असतो आणि दोघांमधलं बोलणं पीसीआयईवर होतच नाही, त्यामुळे एक्स१ अडॅप्टरमध्ये ते कार्ड नुसतं पडून राहील. तुझ्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरच सीएनव्हीआय चालणारा एम.२ ई-की (वायफाय कार्डासाठीचा) स्लॉट असेल तरच त्याचा उपयोग. ८२६५, ९२६०, एएक्स२००, एएक्स२१० ही मात्र सरळ पीसीआयईवाली, ती अडॅप्टरमध्ये छान चालतात, ब्लूटूथला तिथेही यूएसबीच्या वायरी लागतातच. एम.२ ई-कीमध्ये डी प्लस पिन ३ ला आणि डी मायनस पिन ५ ला असते.

आणि एम.२ कार्डांचे अँटेन्याचे कनेक्टर मिनी पीसीआयईवाल्यांपेक्षा बारीक असतात, जुन्या वायरी त्यावर दाबून बसवायला जाऊ नकोस, बसत तर नाहीतच वर कनेक्टर चेपतो.

जुनं_ते_सोनं

सापडलं! छापलेल्या डी मायनसच्या भोकाचा बीप ३८ ला येतोय आणि डी प्लसचा ३६ ला. पडताळा पण केला, ३४ आणि ४० दोन्ही ग्राउंड. पाच वेळा मोजलं कारण माझा विश्वासच बसेना, बोर्डावर इतक्या स्वच्छ पांढऱ्या अक्षरात छापलेलं चुकीचं असेल असं डोक्यातच आलं नव्हतं.

सोल्डर केलेलं काही हलवलं नाही, फक्त हेडरवरच्या दोन जंपर पिना आपसात बदलल्या. लिनक्समध्ये लगेच फुल-स्पीड, आणि आयडी ८०८७:०७डीसी. विंडोजमध्ये गेलो तर इंटेल वायरलेस ब्लूटूथ असं नाव उमटलं, हेडफोन जोडले आणि गाणं लागलं. घरातले सगळे झोपलेत नाहीतर ओरडलोच असतो. टर्मिनलवाली ताई, तारयंत्र दादा, तुमचे मनापासून आभार.

आता एकच कुरकुर राहिलीये. आवाज मधेच तुटतो. दहा-पंधरा मिनिटं एकदम सुरेख आणि मग अचानक तुकडे-तुकडे, परत आपोआप ठीक. हे पण वायरिंगमुळेच का?

रेडिओकाका

मी इतका वेळ नुसतं वाचत होतो, आता मला बोलायला जागा मिळाली.

वायरिंगमुळे असेल तर डिव्हाइस गळून पडतं आणि पुन्हा जोडलं गेल्याचा तो टुंग आवाज येतो. तसं होत नसेल तर हा हवेतला प्रश्न आहे. मला एवढं सांगा, कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला यूएसबी ३ ची पोर्टं आहेत का, आणि आवाज तुटतो त्या वेळी तिथे एखादी हार्डडिस्क किंवा पेनड्राइव्ह काम करत असतो का?

जुनं_ते_सोनं

काका, आत्ता करून बघितलं. पुढच्या पोर्टला एसएसडी लावून मोठी फाइल कॉपी करायला टाकली की आवाज तुटायला लागतो, कॉपी संपली की दोन सेकंदात ठीक. काल रात्री बॅकअप चालू होता, तेव्हाच ते होत होतं! आणि हो, अँटेने त्या पोर्टांच्या अगदी शेजारी चिकटवलेत, चार बोटांवर.

रेडिओकाका

मग झालं तर. यूएसबी ३ चा डेटा ५ गिगाबिटनी धावतो आणि त्याचा विद्युत गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सांडतो, जिथे ब्लूटूथ बोलतं. इंटेलनी २०१२ सालीच ह्यावर मोजमापांसकट पेपर काढला होता. पोर्ट, त्याची आतली केबल आणि लावलेलं डिव्हाइस, तिघंही सांडतात. तुमचे अँटेने त्या गोंगाटाच्या तोंडाशीच बसवलेत, कार्ड बिचारं काय ऐकणार.

अँटेने तिथून हलवा. कॅबिनेट धातूचं असेल तर आत कुठेही ठेवून उपयोग नाही, लहर पत्र्यातून बाहेर पडत नाही. लॅपटॉपच्या अँटेन्यांच्या वायरी लांब असतात, त्या मागच्या एखाद्या मोकळ्या स्लॉटच्या फटीतून बाहेर काढा, पण फटीच्या धारेवर वायर घासू नये म्हणून तिथे टेप गुंडाळा. मग दोन्ही अँटेने जाड पुठ्ठ्याच्या तुकड्यावर चिकटवून तो पुठ्ठा कॅबिनेटच्या वर उभा करा, पत्र्यापासून दोन-तीन बोटं तरी वर. दोघांत थोडं अंतर ठेवा, एक आडवा एक उभा केलात तर अजून चांगलं. पुढे कधी मन झालं तर मागच्या पट्टीला आरपी-एसएमएवाले म्हणजे फिरवून बसवायचे कनेक्टर बसवून काड्यांचे अँटेने लावा, तो जास्त सुटसुटीत प्रकार आहे.

दोन्ही कनेक्टरांना अँटेना हवाच, एक रिकामा ठेवू नका. ह्या कार्डात ब्लूटूथला वेगळा तिसरा अँटेना नसतो, ते वायफायच्याच दोनांपैकी एकावर भागवतं, म्हणून राउटरला जमत असेल तर वायफाय ५ गिगाहर्ट्झवर न्या, म्हणजे २.४ ची हवा ब्लूटूथला मोकळी मिळेल. आणि अँटेन्याची ती इवलीशी टोपी काढताना वायरीला धरून ओढू नका, टोपीखाली नख घालून सरळ वर उचला. तो कनेक्टर ३० वेळा काढ-घाल करण्यापुरताच बनवलेला असतो, खेळणं नाही ते.

टर्मिनलवाली

काकांच्या म्हणण्याला जोडून एक, ती माउसची केबल जमेल तेव्हा बदला. माउस लो-स्पीड असतो आणि लो-स्पीडच्या केबलीत डेटाच्या दोन वायरींना पीळ नसला तरी नियमात बसतं, वर बाहेरचं विणलेलं शील्डही नसलं तरी चालतं. तुमची केबल आखूड असेल म्हणून १२ मेगाबिट निभावतायत, पण त्याच कॅबिनेटमध्ये पंखे आहेत, ग्राफिक्स कार्ड आहे. नेटवर्क केबलीतली एक पिळलेली जोडी घ्या, त्या दोन्ही डेटाला, आणि दुसऱ्या जोडीतली एक वायर ग्राउंडला. पीळ टोकापर्यंत तसाच ठेवा, सोल्डरपाशी अगदी शेवटचा एक सेंटिमीटर उलगडा.

जुनं_ते_सोनं

दोन्ही केलं. नेटवर्कच्या वायरीची जोडी लावली, २५ सेंटिमीटरमध्ये काम झालं, आणि ह्या वेळी सोल्डर करायच्या आधी सुई लावून बीप ऐकला. अडॅप्टरवरच्या त्या चुकीच्या छपाईवर टेप लावून पेननी बरोबर नावं लिहिली, कोणी पुढे कधी उघडलं तर फसायला नको. अँटेने पुठ्ठ्यावर कॅबिनेटच्या डोक्यावर उभे आहेत, वायफाय ५ गिगाहर्ट्झवर. आत्ता बॅकअप चालू आहे, गेले चाळीस मिनिटं गाणी ऐकतोय, एकदाही तुटलं नाही, स्वयंपाकघरापर्यंत जाऊन आलो हेडफोन घालून.

अडॅप्टरचे मागून-पुढून फोटो काढलेत, भोकांचा क्रम दिसेल असे, रात्री इथेच टाकतो.

नवीन_भिडू

फोटो नक्की टाका दादा. माझं एएक्स२०१ तर बाद झालं पण मित्राकडे एएक्स२०० पडलंय, ते मिळतंय. आणि मित्रानी जो अडॅप्टर देऊ केलाय त्याच्यावर पण कनेक्टर नाही, अशीच चार भोकं आहेत. आधी सुई शोधतो.